रयत, जकात आणि खुला बाजार : कै. शरद जोशी यांच्या इतिहासविचाराची छाननी

(१)

पुणें शहराच्या दक्षिण अंगास स्वारगेट म्हणून जें ठिकाण आहे, तेथें सातारा व सोलापूर या दोन्ही बाजूंच्या वाटा शहरास येऊन मिळतात. तेथून थोड्याच अंतरावर गुलटेकडीस घाऊक बाजाराचें आवार आहे. पुरंदर, भोर, बारामती, इंदापूर या बाजूंचा माल या वाटांनीं शहरांत येतो. शहर व कुणबी यांची गांठ अशाच ठिकाणीं पडते; आणि ती पडली म्हणजे एक प्रश्न आपोआप उत्पन्न होतो. माल पिकविणाराच्या पदरांत काय पडलें, मधल्या वाटेंत कोणीं काय घेतलें, आणि तें कोणत्या अधिकारानें घेतलें?

हा प्रश्न आजकालचा नाहीं. थळभरीत व थळमोड यांच्या याद्या, पेठा वसवितांना दिलेले कौल, जकातीचे मक्ते, गांवचे ताळेबंद, हे सारे कागद याच प्रश्नाच्या पोटीं निर्माण झालेले आहेत. परंतु आमच्या अभ्यासकांनीं ते बहुधा स्वाऱ्यांच्या तारखा लावण्यास, घराण्यांच्या वंशावळी जुळविण्यास किंवा वतनांचे तंटे समजून घेण्यास चाळले. त्यांतील रयतेचा हिशेब वाचण्याचें काम बरेंचसें मागें राहिलें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा हिशेब मराठींत उघडपणें मांडणारा लेखक इतिहाससंशोधक नव्हता. तो पोस्टखात्यांतून आलेला, पुढें कोरडवाहू शेती करणारा व बाजाराच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा गृहस्थ होता. कै. शरद अनंत जोशी (१९३५–२०१५) हें त्यांचें नांव. त्यांच्या चळवळीविषयीं अनुकूल व प्रतिकूल पुष्कळ लिहिलें गेलें आहे. येथें त्यांचें चरित्र थोडक्यांत देऊन, त्यांच्या इतिहासविषयक सिद्धांताची अस्सल कागदांशीं ताडणी करावयाची आणि त्यांच्या लेखनाचीं साधनें जतन करण्याकडे संग्राहकांचें लक्ष वेधावयाचें, एवढाच हेतु आहे.

(२)

खुल्या व्यापाराचा विचार मराठीस जोशी यांच्यामुळें प्रथम समजला असें नाहीं. रामकृष्ण विश्वनाथ यांनीं हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीविषयींचें आपलें पुस्तक १८४३ सालीं प्रसिद्ध केलें. लोकहितवादींचें ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चें, हरि केशवजी यांची ‘देशव्यवहारव्यवस्था’ १८५४ ची आणि कृष्णशास्त्री चिपळूणकर यांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ ची. जुन्या मराठी ग्रंथांच्या संग्राहकांस हीं नांवें परिचित आहेतच. या लेखनास मुख्य आधार इंग्रजी अर्थशास्त्राचा होता, आणि तें वाचणारा वर्ग बहुतांशीं शहरांतील नवशिक्षितांचा होता.

परंतु ग्रंथरूपानें मराठींत येण्यापूर्वींच हें शास्त्र पुणें जिल्ह्यांतील कुणब्याच्या दारीं निराळ्या रूपानें येऊन गेलें होतें. इंग्रजी अंमल बसल्यावर प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें या जिल्ह्यांत जमिनीची मोजणी करून सारा ठरविला. हा अधिकारी हेलिबरी येथील विद्यालयांत तयार झालेला होता. तेथें माल्थस हा अर्थशास्त्र शिकवीत असे. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत प्रमाण मानून प्रिंगल यानें निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ हा सरकारचा वांटा धरिला. सिद्धांत तर्कशुद्ध होता. पण उत्पन्नाचे अंदाज चुकले, धान्याचे भाव उतरले, आणि कुळें जमिनी टाकून जाऊं लागलीं. अखेर १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांस इंदापूर तालुक्यापासून नवी आकारणी सुरू करावी लागली. पुढें १८७५ सालीं याच जिल्ह्यांत सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा झाला, १८७९ सालीं कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि १८८३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला.

हा क्रम येथें सांगण्याचें कारण असें कीं, अर्थशास्त्र दख्खनच्या खेड्यांत प्रथम गेलें तें वसूल करणाऱ्याच्या हातांतील पोथी म्हणून. जोशी यांचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं तीच पोथी वसूल देणाऱ्याच्या हातीं दिली. ज्या विद्येनें सरकारचा वांटा ठरविला, त्याच विद्येनें कुळानें आपला तोटा मोजावा असें त्यांचें म्हणणें होतें. फुल्यांच्या ग्रंथास शंभर वर्षें झालीं त्या सुमारास त्यांनीं त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला, यावरून ही परंपरा ते जाणून होते हें स्पष्ट आहे.

(३)

शरद जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ रोजीं सातारा येथें झाला. वडील पोस्टखात्यांत नोकरीस होते. मुंबईच्या सिडनम कॉलेजांत वाणिज्यशाखेचें शिक्षण पुरें करून जोशी यांनीं अल्पकाळ अध्यापन केलें, आणि १९५८ सालीं ते भारतीय टपाल सेवेंत दाखल झाले. सुमारें दहा वर्षें ही नोकरी केल्यावर स्वित्झर्लंडांतील बर्न येथें जागतिक टपाल संघाच्या कचेरींत त्यांची नेमणूक झाली. तेथील वेतन व मान सोडून ते सहकुटुंब स्वदेशीं परत आले, आणि १९७७ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांत चाकणजवळ आंबेठाण येथें कोरडवाहू जमीन घेऊन शेती करूं लागले. हीच जमीन पुढें ‘अंगारमळा’ या नांवानें प्रसिद्ध झाली.

शेतींतील प्रत्येक खर्च ते वहींत टिपीत. बियाणें, खत, मजुरी, वाहतूक, हमाली, तोलाई, आडत यांची बेरीज केली म्हणजे पीक चांगलें येऊनहि वहीच्या शेवटीं तूटच उरते, असा अनुभव त्यांस आला. कुणबी आळशी आहे, अडाणी आहे, लग्नकार्यांत उधळ्या आहे, म्हणून तो कर्जांत बुडतो, असें एकोणिसाव्या शतकापासून सांगण्यांत येत असे. जोशी यांच्या वहीनें हा समज खोडून काढिला. तोटा शेतकऱ्याच्या स्वभावांतून येत नसून सरकारी धोरणांतून येतो, कारण निर्यातबंदी, लेव्ही, जिल्हाबंदी व आयात या साधनांनीं शेतमालाचा भाव मुद्दाम खालीं ठेवण्यांत येतो, हा त्यांचा सिद्धांत येथून निघाला.

१९७९ सालीं चाकण येथें शेतकरी संघटनेची स्थापना झाली आणि ‘वारकरी’ हें साप्ताहिक निघालें. १९८० सालीं चाकणला कांद्याचें आंदोलन झालें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत नाशिक जिल्ह्यांत ऊंस व कांदा यांच्या भावासाठीं रस्ते अडविण्यांत आले. १९८१ सालीं निपाणी येथें तंबाखूच्या शेतकऱ्यांचें आंदोलन झालें. त्यांत एप्रिल महिन्यांत गोळीबार होऊन कांहीं आंदोलक प्राणांस मुकले. नोव्हेंबर १९८६ मध्यें चांदवड येथें शेतकरी महिलांचें मोठें अधिवेशन भरलें. पुढें ‘लक्ष्मीमुक्ति’ या कार्यक्रमानें पतीनें आपल्या जमिनींतील हिस्सा स्वखुषीनें पत्नीच्या नांवें करावा असा प्रघात पाडण्याचा प्रयत्न झाला. जमिनीच्या उताऱ्यावर स्त्रीचें नांव चढावें यासाठीं कायद्याची वाट न पाहतां केलेली ही खटपट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेंहि महत्त्वाची आहे.

१९९० सालीं केंद्र सरकारच्या स्थायी कृषि सल्लागार समितीचे ते अध्यक्ष झाले. १९९१ नंतर परवाने व नियंत्रणें सैल होऊं लागलीं, तेव्हां डाव्या व उजव्या दोन्ही पक्षांतील पुष्कळांनीं आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचा प्रस्ताव निषेधिला. जोशी यांनीं मात्र शेतकऱ्याच्या बाजूनेंच त्याचें स्वागत केलें. १९९४ सालीं त्यांनीं स्वतंत्र भारत पक्ष काढिला. २००४ ते २०१० पर्यंत ते राज्यसभेचे सभासद होते. मार्च २०१० मध्यें महिलांच्या राखीव जागांचें विधेयक त्या सभेंत १८६ विरुद्ध १ अशा मतांनीं मंजूर झालें. तें विरुद्ध पडलेलें एकच मत चांदवडच्या अधिवेशनाच्या या प्रवर्तकाचें होतें. मतदारसंघ पाळीपाळीनें राखीव करण्याची योजना त्यांस मान्य नव्हती. १२ डिसेंबर २०१५ रोजीं पुणें येथें त्यांचें निधन झालें.

(४)

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत जोशी यांनीं ‘शेतकऱ्यांचा राजा शिवाजी’ हें पुस्तक लिहिलें. त्यामागील इतिहासविचार थोडक्यांत असा. शेतींत एका दाण्याचे अनेक दाणे होतात. म्हणून शेती हें मूळ संपत्तीचें स्थान होय. ही वाढ शेतकऱ्याच्या घरीं राहिली तर त्यांतूनच गांवांत कारागिरी, व्यापार व भांडवल हीं उत्पन्न होतील. परंतु ती त्याच्या घरीं राहूं दिली गेली नाहीं. आधीं लुटारूंनीं, मग राजांनीं व वतनदारांनीं, पुढें परकी सरकारानें आणि शेवटीं स्वराज्यांतील नियोजनकारांनीं ती उचलून नेली. उचलण्याची तऱ्हा बदलली. उचलणें थांबलें नाहीं. शिवाजीमहाराजांचें राज्य या क्रमास अपवाद, कारण तेथें रयतेची वाढ रयतेजवळ राहूं देण्याचा बुद्धिपुरस्सर यत्न झाला, म्हणून रयत त्या राज्यासाठीं लढली.

सोवियत रशियांत शेतीच्या शोषणांतून कारखानदारीचें भांडवल उभारलें गेलें, हें उदाहरण जोशी वारंवार देत. रोझा लक्झेंबुर्ग हिच्या विवेचनाचाहि त्यांनीं उपयोग केला. बाजाराचा हा पुरस्कर्ता मार्क्सच्या संप्रदायांतील ग्रंथकर्त्रीकडून प्रमाण घेतो, ही गोष्ट त्याच्या वाचनाची व्याप्ति दाखविते.

(५)

आतां कागदांकडे वळूं. १६७३ सालीं चिपळूणजवळच्या छावणींतील अंमलदारांस शिवाजीमहाराजांनीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याचा सांठा आधींच उधळूं नये, कुणब्याच्या घरून दाणा, गवत, लांकूड, भाजी जोरावारीनें आणूं नये, जें लागेल तें बाजारांतून पैसे देऊन विकत घ्यावें, नाहीं तर रयतेस मोगलांपेक्षां आपलीच पीडा अधिक वाटेल, असा त्याचा आशय आहे. येथें राजा लष्करास केवळ दया शिकवीत नाहीं. बाजार व लूट यांतील भेद शिकवितो. जोशी यांच्या सिद्धांतास याहून चांगला आधार मिळणें कठीण. सैन्य बाजारांत गिऱ्हाईक म्हणून गेलें म्हणजे तें पिकास भाव देतें, आणि घरांत शिरलें म्हणजे पीकच नाहींसें करतें, हा अर्थ त्या पत्रांत स्पष्ट आहे.

१६७६ सालचें प्रभावळीच्या सुभेदारास लिहिलेलें पत्रहि त्याच बाजूचें आहे. रयतेच्या भाजीच्या देठासहि हात लागूं नये, ही आज्ञा त्यांतच आहे. परंतु त्याच पत्रांत, ज्यास बैल नाहीं त्यास बैल व ज्यास दाणा नाहीं त्यास दाणा देऊन लागवड वाढवावी, सरकारी वसूल जिनसांतच घ्यावा आणि तो सांठवून हंगाम पाहून विकावा, अशाहि सूचना आहेत. म्हणजे येथें राजा स्वतः भांडवल पुरविणारा सावकार आहे व मालाचा व्यापारीहि आहे. सरकारनें बाजारांत उतरूंच नये हें आधुनिक मत या पत्रांतून काढितां येणार नाहीं.

तिसरें पत्र या वादांत सर्वांत महत्त्वाचें आहे. १६७१ सालीं कुडाळच्या सरसुभेदारास महाराजांनीं आज्ञा केली कीं, पोर्तुगीजांच्या बारदेशांतून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवावी, इतकी कीं संगमेश्वरकडील मिठापेक्षां तें महाग पडावें. नाहीं तर व्यापारी स्वस्त मिठाकडे वळतील आणि आपलीं मिठागरें बुडतील. हें शुद्ध संरक्षक जकातीचें धोरण आहे. खुल्या व्यापाराच्या कैवाऱ्यास तें गैरसोयीचें आहे, हें मान्य केलें पाहिजे. मात्र एवढ्यावरून जोशी यांचा सर्व सिद्धांत ढांसळतो असेंहि नाहीं. त्यांचा मुख्य आक्षेप उत्पादकाचा भाव पाडण्यासाठीं योजिलेल्या राजसत्तेवर होता. कुडाळच्या पत्रांत राजसत्ता योजिली आहे ती उत्पादकाचा भाव सांवरण्यासाठीं. त्याचा भार मीठ विकत घेणारावर पडतो. म्हणून या दोन गोष्टींत जो फरक आहे तो ठेवूनच निर्णय करावा. शिवाजीमहाराज रयतेचे राजे होते याबद्दल कागद बोलतात. ते मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते होते असें कागद बोलत नाहींत.

पेशवाईंतील कागद दोन्ही बाजूंनीं साक्ष देतात. पेठ वसवावयाची झाली म्हणजे शेटे, महाजन व उदमी यांस कौल देऊन कांहीं वर्षांची जकात व इतर पट्ट्या माफ करीत. वसूल हलका केला म्हणजे बाजार भरतो हें त्या कारभाऱ्यांस पक्कें ठाऊक होतें. उलट दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत महालांचे इजारे जास्त बोली करणारास देण्याची चाल वाढली, आणि त्याचा जाच रयतेस कसा झाला याचें वर्णन एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांत आहे. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. इजाऱ्याचा लिलाव हाहि एक प्रकारचा बाजारच. पण त्यांत विकला जात होता तो माल नव्हे, तर दुसऱ्याकडून वसूल करण्याचा अधिकार. अशा बाजारानें कुणबी सुखी होत नाहीं. जोशी यांच्या लेखनाचा जो भाग टिकेल असें आम्हांस वाटतें, तो हाच भेद स्पष्ट करणारा होय.

आणखी एक सूचना त्यांच्या लेखनाच्या वाचकांस करावीशी वाटते. संघटनेचा पहिला एककलमी कार्यक्रम ‘रास्त भाव’ हा होता. रास्त हा मूळ फारसी शब्द. खरें, योग्य, वाजवी या अर्थानें तो मराठींत रुळला. १९८० च्या सुमारास रास्त भाव सरकारकडून मागितला जात होता. १९९१ नंतर सरकारनें भावांत हात घालूं नये ही मागणी पुढें आली. टीकाकारांनीं यास विसंगति म्हटलें. अनुयायी त्यास एकाच विचाराचा विस्तार मानितात, कारण निर्यातबंदी व लेव्ही उठल्यास भाव आपोआप रास्त होईल असें त्यांचें म्हणणें आहे. लहान शेतकरी व भूमिहीन मजूर यांच्या वांट्यास चढत्या भावांतून काय येतें, हा टीकाकारांचा दुसरा आक्षेपहि गंभीर आहे. निर्णय कोणताहि असो. प्रत्येक लेख त्याच्या तारखेसह वाचल्यावांचून तो करितां येणार नाहीं.

(६)

तारखेसह वाचावयाचें तर मूळ कागद हाताशीं पाहिजेत, आणि अडचण येथेंच आहे. जोशी यांचे लेख ग्रंथरूपानें निघाले आहेत; भानू काळे यांनीं लिहिलेलें ‘अंगारवाटा’ हें चरित्रहि २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु ग्रंथ म्हणजे वेचक संग्रह. चळवळीचा खरा दफ्तरखाना ‘वारकरी’ व ‘शेतकरी संघटक’ यांच्या मूळ अंकांत, अधिवेशनांच्या ठरावांत, हस्तपत्रकांत, कार्यकर्त्यांच्या वह्यांत व पत्रव्यवहारांत आहे. हा माल हलक्या कागदावर छापलेला आहे. तो गांवोगांवच्या घरांत, पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे. तीनशें वर्षांपूर्वींचा हातकागद अद्याप शाबूत आहे. १९८० सालचें पत्रक पिवळें पडून घडीवर तुटूं लागलें आहे. मोडी रुमाल रद्दींत व पाणतपेल्याखालीं गेल्याबद्दल आपण मागील पिढीस दोष देतों. तोच दोष पुढील पिढीनें आपणांस द्यावा असें वर्तन आपल्या हातून होऊं नये.

याहूनहि दुर्लक्षित असें एक साधन आहे, तें म्हणजे आडत्याची पट्टी. माल विकल्यावर आडत्या शेतकऱ्यास जो हिशेबाचा कागद देतो तो हा. वजन, भाव, हमाली, तोलाई, आडत, मोटारभाडें वजा जातां हातीं आलेली रक्कम, सर्व कांहीं एका तुकड्यावर असतें. कधीं कधीं खर्चच भावाहून अधिक होऊन शेतकऱ्याकडेच येणें निघतें. त्यास बाजारांत ‘उलटी पट्टी’ म्हणतात. जकातीच्या यादीचें जें मोल सतराव्या व अठराव्या शतकांच्या इतिहासास, तेंच या पट्टीचें विसाव्या शतकाच्या इतिहासास आहे. जोशी यांचा सिद्धांत खरा कीं खोटा, याचा शेवटचा पुरावा भाषणांत नसून अशा हजारों पट्ट्यांत आहे.

हा विषय संपलेला आहे असें समजूं नये. पुण्याची जुनी जकात २०१३ सालीं बंद झाली; २०१६ सालीं फळें व भाजीपाला बाजार समितीच्या सक्तींतून मोकळा करण्यांत आला; तरी डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याची निर्यात सरकारनें बंद केली व ती मे २०२४ मध्यें पुन्हां खुली केली. वसुलाचीं नांवें बदलतात, वेशी हलतात, परंतु हिशेब तोच राहतो. म्हणून पुणें, नाशिक, सातारा, बेळगांव या जिल्ह्यांतील संग्राहकांस विनंति आहे कीं, त्यांनीं जुन्या घरीं कागद पाहण्यास जातांना मोडी रुमालाबरोबर शेतकऱ्याच्या वह्या, पट्ट्या व पत्रकें हींहि मागून घ्यावीं, त्यांवर गांव, साल व मूळ मालकाची परवानगी यांची नोंद करावी, आणि सार्वजनिक संग्रहांत तीं दाखल करावीं. जोशी यांच्या बाजूनें वा विरुद्ध लिहूं इच्छिणारास पुढें त्यांचाच आधार घ्यावा लागेल.